पाण्यात टांगलेली ढेप

मंगळवारी दुपारी शिवराम भट्टीच्या दाराला माती लिंपत होता, तेव्हा गोगटेसाहेब स्वतः चालत भट्टीपाशी आले. साहेब कधी इतक्या आत येत नसत. काही सांगायचं असलं की माणूस पाठवत. आज चष्मा हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "शिवराम, ठाण्याहून फोन होता. इस्पितळातून."

शिवरामने हातातली माती खाली ठेवली. साहेबांनी पुढे जे सांगितलं ते त्याने ऐकलं, पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "जेवली होती का?"

साहेबांना ते ठाऊक नव्हतं. फोनवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. ते म्हणाले, गाडी काढायला सांगितली आहे, तू चल. शिवराम तसाच मातीच्या हातांनी गाडीत बसला. भट्टीचं दार अर्धं लिंपलेलं, अर्धं उघडं राहिलं. चांगला दीड दिवस बंद राहून हळूहळू निवायची ती भट्टी त्या दुपारच्या वाऱ्यात दोन तासांत गार झाली. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवशी येणारही नव्हतं.

त्याची बायको गोजरा गेली ती एकोणीसशे त्र्याऐंशीच्या जानेवारीत. तेव्हा रबाळ्याच्या त्या कारखान्यात ती सहा वर्षं कामाला होती आणि शिवराम आठ. मूलबाळ नव्हतं. सकाळी दोघं गावातून बरोबर निघायची, बांधावरून चालत, तो पुढे आणि ती चार पावलं मागे. कारखान्याच्या फाटकाशी आल्यावर ती पुढे व्हायची, कारण फाटकावरच्या वहीत अंगठा उठवायला बायकांची रांग आधी असे.

कारखाना लहान होता. तिथे क्ष-किरणांच्या फोटोसाठी लागणारे पडदे बनत. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तेव्हा फिल्म एका चपट्या डबीत ठेवलेली असते, आणि त्या डबीत फिल्मच्या दोन्ही अंगांना एकेक पुठ्ठा असतो. पुठ्ठ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. नुसते क्ष-किरण फिल्मवर फारसे उमटत नाहीत. ते भुकटीवर पडले की भुकटी निळी उजळते आणि त्या उजेडाने फिल्म छापली जाते. पडदा जितका उजळ तितका रोग्याला किरणांचा मारा कमी. मंद पडदा असला की किरण जास्त वेळ सोडावे लागतात, तेवढ्यात रोगी श्वास घेतो आणि फोटो हलतो. कारखान्यातल्या प्रत्येकाला एवढं पाठ होतं.

ही भुकटी भट्टीत जन्माला येई. कच्चा माल म्हणजे पिठासारखा पांढरा साका. तो किरणांखाली धरला तर उजळायचा नाही म्हटलं तरी चालेल. त्यात शुद्ध मीठ कालवून भट्टीत लावलं की मीठ वितळे आणि त्या वितळलेल्या मिठात साक्याचे दाणे वाढत. मग भट्टी निवली की मुशीतून एक घट्ट, जड ढेप निघे. आकाराने नारळाएवढी, पण उचलायला दोन हात लागत. दाणे आत, मीठ भोवती. मीठ काढून टाकलं की राहते ती भुकटी.

मीठ काढायचं काम गोजराकडे होतं.

ती जासईची. बाप आणि आई दोघंही मिठागरात राबलेली. ती स्वतः दहाव्या वर्षापासून आगरात उतरलेली. कारखान्यात आली तेव्हा गोगटेसाहेबांनी तिला आणि आणखी दोघींना सूक्ष्मदर्शकातून दाणे दाखवले. एका काचेवर नुसते धुतलेले, दुसरीवर खलात कुटलेले. साहेब मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते, सांगायची हौस फार. ते म्हणाले, दाण्याच्या आत अणू रांगेने बसलेले असतात, किरण पडला की त्याचा जोर त्या रांगेतून पुढे पुढे जातो आणि योग्य ठिकाणी पोचला की उजेड होऊन बाहेर पडतो. कुटलं की रांग मोडते. मोडलेल्या जागी तो जोर अडकतो आणि नुसती ऊब होऊन विरतो. दुसऱ्या दोघी माना हलवत राहिल्या. गोजराने डोळा काचेवरून काढला आणि म्हणाली, "स्लॅब टाकताना बाया घमेली देत्यात तशी रांग का, साहेब?"

साहेब म्हणाले, तशीच.

"मग मधली एक बाई उठून गेली की घमेलं तिथंच पडनार. वर मुकादम बोंबलतोय, माल का येत नाय."

त्या दिवसापासून साहेब नव्या माणसाला समजावताना घमेल्यांचीच रांग सांगत आणि ही गोजराची, असंही सांगत. ते ऐकून गोजरा लाजायची नाही. मान ताठ करायची.

तिने ढेप कधी कुटली नाही. आधी कारखान्यात ढेप फोडून, खलात घालून मग धूत. तिने साहेबांना सांगितलं, मला चार दिवस द्या, ती आपोआप सुटते. चार दिवसांनी दाणे असे सुटले की एकेक लखलखीत, अखंड. पडदे दीडपट उजळ झाले. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. ती कसं करते हे कुणी फारसं पाहिलं नाही. धुण्याची खोली मागे, न्हाणीघराला लागून होती. तिथे ओल फार असे आणि पुरुष माणसं जात नसत.

दोन वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. बांधावरून चालताना ती चार पावलांची दहा पावलं मागे पडू लागली. शिवराम थांबायचा, ती हाताने पुढे चल म्हणायची. शेवटी ठाण्याला नेली. तिथल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, उजेडापुढे धरला आणि म्हणाला, काळीज वाढलंय बाई, आतली झडप खराब आहे. मग फोटोकडे पुन्हा बघून म्हणाला, फोटो मात्र फार स्वच्छ आलाय, झडपेच्या कडा दिसताहेत.

गोजराला पहिल्यापेक्षा हे दुसरं जास्त ऐकू आलं. तिने डब्या भरणाऱ्या पोऱ्याला गाठलं आणि डबी उघडून पडद्यामागचा भट्टीचा आकडा वाचून दाखवायला लावला. एकोणचाळीस. घरी येताना बसमध्ये ती शिवरामला म्हणाली, "ऐकलं का? एकोनचाळीस माझीच होती. पावसाळ्यातली."

"डॉक्टर काय बोलला ते ऐकलंस का?"

"ऐकलं की. काळीज मोठं हाय. तुमाला आज कळलं का?"

तो फोटो घरात कोनाड्यात होता. खाकी पाकिटात. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. लग्नातला एक होता तो घर शाकारताना भिजून गेला. बाराव्या दिवशी भावकीतली एक म्हातारी म्हणाली, हार घालायला फोटो काढ. शिवराम कोनाड्याकडे बघत बसला, मग म्हणाला, नाही फोटो. आणि तिची लुगडी बायकांनी रिवाजाप्रमाणे वाटून टाकली. तो ओट्यावर बसला होता. आत पेटी उघडल्याचा आवाज आला, लुगडी मोजल्याचा आवाज आला. एक तरी ठेवा म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. पुरुषाने बायकोचं लुगडं मागायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पंधराव्या दिवशी तो कामावर गेला.

भट्टीपाशी जायच्या आधी तो मागच्या खोलीत गेला. तिथे तिच्या शेवटच्या कामाची मोठी काचेची बरणी होती, कंबरेएवढी उंच. तोंडावर आडवी काठी. काठीला एक फडकं बांधून पाण्यात सोडलेलं आणि त्या फडक्यात ढेप. आकडा शहाऐंशी, बरणीवर खडूने लिहिलेला. शनिवारी तिने ती लावली आणि सोमवारी तिला इस्पितळात न्यावं लागलं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "शहाऐंशीला कुनी हात नका लावू. सुटंल ती आपोआप."

म्हणून पंधरा दिवस कुणी पाणीही बदललं नव्हतं; सगळी बरणी खारट होऊन ढेप तशीच राहिली होती. ते फडकं म्हणजे तिच्या जुन्या लुगड्याचा पदर होता. उकळून उकळून त्याचा रंग गेला होता, पण काठाची वीण ओळखू येत होती. शिवराम बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बाह्या वर केल्या, फडकं हलकेच वर घेतलं, ढेप दोन हातांनी सांभाळून बरणीच्या तळाशी ठेवली, फडकं पिळलं आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं. ओलं, गार. त्यावर तिचा वास नव्हता, मिठाचाच होता. पण तिने बांधलेल्या गाठीच्या सुरकुत्या त्यात होत्या.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलं असं त्याला वाटलंही नाही.

त्याच आठवड्यात सत्त्याऐंशीचा हिशेब लागला. उघड्या दाराची भट्टी. ढेपेला केसासारख्या चिरा गेल्या होत्या, दाणे आतून तडकलेले. गोगटेसाहेब त्याला काही बोलले नाहीत. पण माल हवा होता. मराठवाड्यात क्षयरोग्यांच्या तपासणीचं मोठं शिबिर भरायचं होतं, फिरती मोटार गावोगाव जाणार होती, तिच्यासाठी अकरा जोड्या पडदे दहा फेब्रुवारीच्या आत पाठवायचे होते. त्या कामाचा साहेब शब्द देऊन बसले होते.

मधुकर म्हणून नवा फोरमन आला होता, डिप्लोमा झालेला, वाशीच्या नव्या सोसायटीत राहणारा. वाईट माणूस नव्हता. त्याने दळणाचं पिंप आणवलं होतं. आत चिनीमातीचे गोळे, पिंप फिरलं की माल दळून निघतो. त्याने सत्त्याऐंशी त्यात घातली. दुसऱ्या दिवशी भुकटी निघाली ती मैद्यासारखी, पांढरीशुभ्र. सगळे बघायला गेले. मधुकर चिमटीत घेऊन दाखवत होता. "बघा शिवरामभाऊ. चार दिवसांचं काम एका रात्रीत. फालतू टेन्शन कशाला घ्यायचं?"

त्या भुकटीचा पडदा केला आणि किरणांच्या खोलीत लावला. शिशाच्या काचेआडून साहेबांनी पाहिलं, मधुकरने पाहिलं, मग शिवरामलाही बोलावलं. चुलीतला विस्तव राखेखाली जसा कळत नकळत असतो, तसा तो पडदा होता. साहेबांनी दिवा लावला आणि म्हणाले, सगळ्या बायका उठून गेल्या, मधुकर. मधुकरला ते कळलं नाही, तो नवा होता.

राहिली शहाऐंशी.

शिवराम आता रोज भट्टीचं काम उरकून मागच्या खोलीत जाई. तिने केलेलं त्याने दुरून पाहिलं होतं ते असं, की ती रोज पाणी बदलायची. म्हणून तोही तांब्याने वरचं पाणी हळूच काढी आणि नवं गाळलेलं पाणी हळूच सोडी. ढेपेला धक्का लागू नये म्हणून तळाशी हात नेत नसे. आठ दिवस झाले. ढेप होती तशी. वर बोट फिरवलं तर चार दाणे हाताला लागत, बाकी दगड. तिच्या हातून चौथ्या दिवशी सुटणारी ढेप त्याच्या हातून आठव्या दिवशीही सुटेना. तो बरणीशी उकिडवा बसे. एकदा तर म्हणालाही, अगं सूट की. मग मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं नाही ना.

रात्री घरी गेल्यावर तो फडकं उशाखाली ठेवी.

अठ्ठावीस तारखेला मधुकर साहेबांकडे गेला. म्हणाला, शहाऐंशीही दळू, मंद का होईना पडदे तर होतील, नाहीतर शिबिराला काय पाठवायचं, रिकाम्या डब्या? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. साहेबांनी शिवरामला बोलावलं. शिवराम दारात उभा राहिला.

"किती दिवस लागतील?"

"ठाऊक नाय साहेब."

"ती काय करायची?"

"ठाऊक नाय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, सोमवारपर्यंत बघ. सोमवारी दुपारी मधुकर ढेप घेईल.

रविवारी शिवराम जासईला गेला. दोन बस बदलून, मग फाट्यापासून चालत. गोजराची आई केशरबाई गावाच्या खालच्या अंगाला राहायची. पुढे आगर होतं, अजून चालू होतं, पण कडेने सरकारी खुणेचे दगड रोवलेले होते आणि पुढच्या वर्षी इथे कोण काय करणार हे कुणाला माहीत नव्हतं. केशरबाई बांधावर बसून मिठाच्या राशीवर पेंढा पसरत होती. लेक जाऊन महिनाही झाला नव्हता. तिने त्याला पाहिलं आणि हातातला पेंढा खाली ठेवून आधी पाणी आणायला गेली.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. ढेप, बरणी, पाणी, सोमवार. दळणाच्या पिंपाचं सांगितलं तेव्हा म्हातारीने तोंड वाकडं केलं.

"ढेप ठेवलीय कशी?"

"तळाला. बरनीच्या तळाला."

"तळाला?" ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढच्या खाचराकडे बोट दाखवून म्हणाली, "जावयबापू, खारं पानी जड. ते खाली बसतं. तुमी वरचं गोडं पानी किती बी बदला, खाली तिच्या भोवती खारटच हाय. मिठानं भरलेलं पानी आनखी मीठ घेईल का? पोट भरल्यावर तुमी जेवता का?"

शिवरामने खाचराकडे पाहिलं.

"वर टांगायची. वर टांगली की विरघळलेलं खाली उतरतं, तिच्यापाशी गोडं पानी येतं. लहानपनी चिंचेला मीठ चिकटलं की ती पोर असंच सोडवायची, दोऱ्याला बांधून हंड्यात सोडायची, आन बसून बघायची." ती थांबली. "तिनं टांगली नव्हती का?"

"टांगली व्हती."

"मंग खाली कुनी उतरवली?"

समोर आगरात दोन माणसं फावड्याने मीठ ओढत होती, त्याचा खरखर आवाज येत होता. म्हातारीला घाई नव्हती. शेवटी त्याने सदऱ्याची वरची गुंडी काढली आणि आतून ते फडकं काढून तिच्यापुढे धरलं. रात्रंदिवस पोटाशी राहून ते चुरगळून गेलं होतं.

केशरबाईने ते हातात घेतलं. काठ बोटांनी चाचपला. ती म्हणाली, "माजं लुगडं हाय हे. लग्नात मी नेसले व्हते, मंग तिला दिलं." तिने ते गालाला लावलं नाही, नाकाशी नेलं नाही, मांडीवर पसरून हाताच्या तळव्याने एकेक सुरकुती काढत राहिली. शिवरामला वाटलं ती आता ते ठेवून घेईल. मागायचा तिचा हक्कही होता. आणि घेतलं असतं तर त्याने नाही म्हटलं नसतं.

बऱ्याच वेळाने तिने त्याची चौकोनी घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"बांधा जा," ती म्हणाली. "गाठ सैल ठेवा. पान्याला आत जायला वाट पायजे."

तो उठला. ती पाठमोरी होऊन पुन्हा पेंढा पसरायला लागली.

सोमवारी सकाळी शिवराम फाटकात पहिला होता. त्याने बरणी पूर्ण रिकामी केली, तळाचं पाणी जिभेला लावून पाहिलं, ते कडू लागेपर्यंत खारट होतं. फडक्यात ढेप ठेवली, गाठ बांधली, सोडली, पुन्हा सैल बांधली. गोजराच्या गाठीच्या खुणा होत्या तिथेच गाठ येईल असं बघितलं, पण ती येईना. तिचे हात लहान होते. शेवटी जमेल तशी बांधून त्याने ढेप वरच्या पाण्यात सोडली.

दुपारी मधुकर ढेप न्यायला आला. शिवराम म्हणाला, जरा बघा. खिडकीतून तिरपं ऊन बरणीवर येत होतं. फडक्याच्या खालून पाण्यात काहीतरी उतरत होतं. रंग नाही, तरी दिसत होतं, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते तशा बारीक धारा, सरळ तळाकडे, एकसारख्या. ढेप जणू पाण्यात पाणी सांडत होती. मधुकर गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

"हे मीठ उतरतंय?"

"हां."

"वहिनींनी कुठं शिकलं हे?"

"घरी," शिवराम म्हणाला.

मधुकर सरळ झाला. म्हणाला, शिवरामभाऊ, साहेबांना मी सांगतो, शुक्रवारपर्यंत. दळणाचं पिंप काय पळून जात नाही. जाता जाता दारात थांबून त्याने विचारलं, ते बायका उठून गेल्या म्हणजे काय हो? शिवरामने त्याला घमेल्यांची रांग सांगितली. सांगताना त्याच्या लक्षात आलं की हे आजवर त्याने स्वतः कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती होती तोवर तशी वेळच आली नव्हती.

मंगळवारी त्याने तळाला रबरी नळी सोडून खालचं पाणी ओढून काढलं. बुधवारीही. त्या धारा विरळ होत गेल्या. बुधवारी संध्याकाळी फडक्याचा आकार बदललेला दिसला, नारळासारखा होता तो पिठाच्या पुरचुंडीसारखा झाला. गुरुवारी सकाळी त्याने गाठ सोडली तर आत ढेप नव्हती. ओली, जड, सुटी वाळू होती. हात घातला तर बोटांतून निसटत होती. त्याने साहेबांना बोलवायला हवं होतं. पण तो थोडा वेळ तसाच हात घालून बसला.

शनिवारी पडदे झाले. किरणांच्या खोलीत दिवा घालवला आणि यंत्राचा आवाज झाला, तेव्हा शिशाच्या काचेपलीकडे शहाऐंशीचा पडदा उजळला. निळा, सपाट, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा. साहेब "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. शिवरामला तो उजेड दोन-तीन क्षणच पाहता आला, मग यंत्र बंद झालं. त्याला वाटलं, आणखी एकदा लावा म्हणावं. पण चाचणी पुरी झाली होती, आणि विनाकारण किरण सोडायचे नाहीत हा त्या खोलीचा नियम होता. तो नियम दारावर लिहिलेला होता.

अकरा जोड्या आठ तारखेला रवाना झाल्या. प्रत्येकीच्या मागे शहाऐंशी. मराठवाड्यातल्या कुठल्या गावात, कुणाच्या छातीपुढे त्या उजळल्या ते इथे कुणाला कळणार नव्हतं. शिबिराचं पत्र एप्रिलमध्ये आलं, फोटो स्वच्छ आले एवढंच त्यात होतं. ठाण्याच्या डॉक्टरने तिचं नाव मुंबईच्या इस्पितळात नोंदवलं होतं; तिथूनही मार्चमध्ये एक कार्ड आलं होतं. झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी गोजराबाई शिवराम यांनी बावीस तारखेला हजर राहावं. बावीस तारखेला शिवरामने सुट्टी घेतली नाही. कार्ड त्याने कोनाड्यात, खाकी पाकिटात सरकवलं.

पुढे धुण्याचं कामही त्याच्याकडे आलं. त्याने मांजरपाटाची नवी फडकी आणली. दोन मुलींना गाठ सैल बांधायला शिकवलं, त्या त्याच्यापेक्षा चांगली बांधतात. तळाला नळी सोडून खालचं पाणी काढणं हे गोजराच्या पद्धतीत होतं की नाही, हे त्याला आजही माहीत नाही. विचारायचं कुणाला?

तो कधी कधी बांधावरून येताना थांबतो. मागची पावलं जवळ यायची वाट बघावी तसा. मग चालायला लागतो.

लुगड्याचा तो पदर त्याने शहाऐंशीनंतर कामाला लावला नाही. माल काढून झाल्यावर फडकं धुवायचं, विणीत अडकलेले दाणे पाण्यात सोडवून घ्यायचे आणि ते भुकटीत मिळवायचे, असा कारखान्याचा शिरस्ता आहे. चिमूटभरच असतात, पण माल महाग. त्याने ते त्या दिवशी केलं नाही. फडकं तसंच वाळवलं आणि घरी आणलं. उन्हात धरलं तर विणीत बारीक चमक दिसते. साहेबांना हे माहीत आहे. एकदा तेच म्हणाले, आण एक दिवस, किरणांखाली ठेवू, सगळी वीण उजळेल, तुला बघायला मिळेल. नियमाचं काय, असं शिवरामने विचारलं. साहेब म्हणाले, नियम मीच लिहिलाय. आणतो म्हणून शिवराम आला.

त्याला तीन वर्षं झाली. फडकं नेलेलं नाही, आणि धुवायचंही राहिलं आहे.